यंत्र बंद असतानाच

टक्.

आमचा फ्रिज होता. लाइट आली की तो आधी असा टक् करतो आणि मग घुरघुरायला लागतो. गुरुवारची दुपार होती, दुरुस्तीसाठी वारज्यातली लाइट घालवलेली. अख्खी सोसायटी चिडीचूप. शेफालीनं झोपेत पांघरूण लाथाडलं होतं, ते नीट करून मी दबक्या पावलांनी स्वयंपाकघराकडे वळले होते, तेवढ्यात तो टक्.

आणि पाठोपाठ ओट्यावरची घरघंटी सुरू झाली.

तिचं पुढचं दार सताड उघडं होतं. आत जाळीपाशी मी साफसफाईचा ब्रश टेकवून आले होते. त्याच्या लाकडी दांड्याच्या चिरफळ्या सटासट भिंतीवर आदळल्या, पिठाचा ढग उठला. मी धावत जाऊन बटण बंद केलं. आतल्या खोलीतून शेफाली किंचाळत आली. तिला कडेवर घेतलं, पोटाशी धरलं. तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि रडता रडता थांबून म्हणाली, "आई, तू आजी झालीस."

माझ्या भुवया, केस, सगळं पांढरं झालं होतं. मी हसले. मग तिला घेऊन तिथंच फरशीवर बसले. थोड्या वेळापूर्वी त्या ब्रशाच्या जागी माझा हात होता. पोर झोपेत कुसकुसली म्हणून मी उठून गेले, एवढंच.

बरं, मी काही वेंधळेपणा केला नव्हता. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, अगदी तसंच वागले होते. आणि ती पुस्तिका नव्यानं लिहिण्याचं काम सध्या आमच्याकडेच होतं.

पुण्यात कशाचाही कोर्स निघतो, तसा हाही. टेक्निकल रायटिंग. मशीन, औषध, सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते वापरणाऱ्याला कळेल असं लिहायचं. शेफालीच्या वेळी नोकरी सोडली होती, आता ती शाळेत जायला लागल्यावर मी एका कॉलेजातला हा शनिवार-रविवारचा कोर्स धरला. हिंजवडीतल्या एका कंपनीनं सांगून ठेवलं होतं, सर्टिफिकेट घेऊन या, जागा आहे. शेवटच्या सत्रात तिघातिघांच्या टीम करून प्रत्येकीला एक खरा क्लायंट देतात. "खोटा अभ्यास नाही, खरी माणसं, खरी वस्तू," असं आमचे निमकर सर पहिल्या दिवशी म्हणाले होते. मला ते फार आवडलं होतं.

माझ्या टीममध्ये तेजस आणि दीपाली. दोघंही कालपरवाची पोरं, मला ताई म्हणतात. आमचा क्लायंट म्हणजे शिवण्यातला 'सुपीठ' घरघंटीचा कारखाना. त्यांचं एक छोटं मॉडेल नव्यानं बाजारात यायचं होतं, त्याची मराठी पुस्तिका आम्ही करायची. वापरून बघायला एक मशीन दिली होती, ती माझ्या ओट्यावर आली, कारण ओटा फक्त माझ्याकडे होता. त्या दोघांकडे हॉस्टेलची कॉट.

त्या संध्याकाळी केसांतलं पीठ धुऊन झाल्यावर मी वाक्य पुन्हा वाचलं. कंपनीच्या जुन्या पुस्तिकेतून जसंच्या तसं आलेलं:

'विद्युतपुरवठा खंडित झाल्यास वा पीठ अडकल्यास, यंत्र बंद असतानाच दार उघडून जाळी साफ करावी.'

काय चुकलंय यात? काही नाही. कंपनीच्या मूळ इंग्रजी कागदावर 'ऑफ' होतं, मराठीत 'बंद' झालं. पण आपलं 'बंद' किती गोष्टींना पुरतं बघा. दुकान बंद. शाळा बंद. आजोबांचं घड्याळ बंद आहे, ते कुणी बंद केलेलं नाही, ते पडलंय. लाइट गेली तेव्हा माझी घरघंटीही बंदच होती की! बटण दाबलेलं, पिन भिंतीत खुपसलेली, तरी बंद. चालू असलेल्या मशिनीत कोण हात घालतं? बंद दिसली म्हणूनच घातला. शब्द खरा, वाक्य शुद्ध, आणि हात आत.

मोठ्या मॉडेलला दार उघडलं की मशीन आपोआप थांबायची सोय आहे. छोट्याला ती नाही. म्हणजे छोट्याच्या बाबतीत जे काही राखायचं ते या एका वाक्यानं.

माझंच काही चुकलं नाही ना, म्हणून रविवारी संध्याकाळी राकेशवर प्रयोग केला. राकेश माझा नवरा. हिंजवडीत दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि घरी तो तो हौसेनंही करतो.

"पुस्तिकेत आहे तेवढंच करायचं," मी म्हटलं. "मला काही विचारायचं नाही."

"गहू दळायला पुस्तिका लागते? वाच, घाल, दाब."

त्यानं गहू घातले, बटण दाबलं. मी दारामागच्या मेन स्विचपाशी जाऊन तो खाली केला. मशीन थांबली.

"लाइट गेली," मी सांगितलं. "आणि पीठ अडकलंय असं समज."

त्यानं पान उघडलं, मोठ्यानं वाचलं. "यंत्र बंद असतानाच... बंदच तर आहे." आणि दार उघडून मनगटापर्यंत हात आत घातला.

माझा हात मेन स्विचवर होता. कुणी त्याला धक्का लावू नये म्हणून मी तो तळव्यानं झाकून धरला होता.

"राकेश, हात बाहेर काढ."

"अगं अजून जाळी..."

"काढ आधी. दार लाव. मागं हो."

तो मागं झाल्यावर मी स्विच वर केला. घरघंटी अशी गरजली, की त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले, शेफाली मार बसेल म्हणून लपवते तसे. शेफाली पलंगावरून बघत होती. "बाबा, हात दाखव," ती म्हणाली. "दोन्ही दाखव."

त्यानं दाखवले. मग माझ्यावरच भडकला. "तू सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर प्रयोग कसला?"

त्यानं ते वाक्य परत वाचलं. मग पुस्तिका उचलून म्हणाला, "हे कुणी लिहिलंय? यात चूक कुठं आहे तेही सापडत नाही."

कॉलेजच्या कँटीनमध्ये आमची टीम बसली. मी सगळं सांगितलं. दीपाली यवतमाळची. ती म्हणाली, "ताई, तू लाइट म्हणतेस. आमच्याकडं लाइट जात नाही, लाइन जाते."

"मग तुमच्याकडं येतं तरी काय?" तेजस.

"तुझ्यासारखे पाहुणे येतात. जेवून जातात."

तासभर भांडलो. लाइट, लाइन, वीज, करंट. बटण बंद करा म्हणावं, तर लाइट गेल्यावर बटण चालू आहे की बंद हे कुणाच्या लक्षात असतं? शेवटी तेजसच म्हणाला, "बंद हा शब्दच काढून टाकू. जे डोळ्यांना दिसतं ते लिहू." आणि वाक्य जमलं:

'लाइट गेली असली तरी आधी पिन काढा. मग दार उघडा.'

दीपालीनं हॉस्टेलच्या मुलींना वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. पिन शब्द वाचला की एकूण एक मुलीची नजर भिंतीकडे गेली. मला इतका आनंद झाला की शेफालीला उचलून गरगर फिरवली. तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, अजून.

निमकर सरांनी ते पान वर्गात सगळ्यांसमोर वाचलं. चष्मा कपाळावर घेतला.

"लाइट गेली. म्हणजे सूर्यास्त झाला का, भाग्यश्रीताई?"

वर्ग हसला.

"आणि ही पिन कुठली? साडीची की केसांची?"

"भिंतीतली, सर."

"वा. भिंतीला पिना असतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घराच्या भिंती साध्याच आहेत."

मी ब्रशाचं सांगितलं. राकेशचं सांगितलं. दांड्याचा उरलेला तुकडा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांनी जरा बाजूला सरकवला.

"मग ब्रश आत ठेवू नये, असं एक वाक्य घाला की. अहो, आपण पुस्तिका लिहितोय, रस्त्यावरची पाटी नाही. पुण्यात राहून निदान प्रमाण मराठी तरी लिहावं माणसानं. भाषाशुद्धीला गुण आहेत, विसरू नका."

आणि लाल पेनानं आमचं वाक्य खोडून त्यांनी वर जुनंच लिहिलं. 'विद्युतपुरवठा खंडित झाल्यास.' वळणदार अक्षर, वेलांट्या बघत राहाव्यात अशा. 'यंत्र बंद असतानाच.'

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. ज्याला आयुष्यात कधी दळण करावं लागलं नाही, त्यानं ठरवायचं की दळणाऱ्या बाईला कुठला शब्द शोभतो! पिन म्हणत नाही का हा माणूस घरी? मोबाइल चार्जिंगला लावताना बायकोला काय म्हणतो, 'अगं, विद्युतजोडणी कर'? भाषा शुद्ध राहिली आणि बोट गेलं, तर ते बोट कुठल्या रकान्यात धरणार, सर? हे सगळं मी रिक्षात बसल्यावर बोलले. वर्गात फक्त "बरं, सर" म्हणाले होते. त्याचाही राग आलाच.

पण शेवटचा शब्द क्लायंटचा, असं नियमातच होतं. कारखान्याचे मालक माने साहेब म्हणतील ते खरं. मशीन त्यांची, गिऱ्हाईक त्यांचं. त्यांना मी समोर बसून सांगीन, असं मी मनाशी घट्ट केलं.

पुढच्या शनिवारी शिवण्याच्या कारखान्यात मीटिंग होती, सर आणि आम्ही तिघं. राकेशला ऑफिसला जावं लागलं, म्हणून शेफालीही बरोबर. पत्र्याची मोठी शेड, एका बाजूला काचेची केबिन, बाहेर बायका घरघंट्या खोक्यांत भरत बसलेल्या. उत्तरेश्वर माने माणूस गोड. शेफालीला चिक्की दिली, पुठ्ठ्याचं रिकामं खोकं दिलं, "घ्या, घर करा," म्हणाले. ती दाराबाहेर आपल्या स्केचपेनांनी त्यावर खिडक्या काढायला बसली.

मानेंनी सरांचं पान वाचलं. "झकास! बँकेच्या कागदासारखं वाटतंय. भारदस्त."

सरांनी मान किंचित झुकवली.

"माने साहेब," मी म्हटलं, "या वाक्यानं हात तुटेल." आणि आमचं वाक्य पुढे ठेवलं. सगळं सांगितलं, एका दमात.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, पिन काढा, पिन काढा असं लिहिलं की गिऱ्हाईकाला वाटतं, मशीन चावते."

"चावते, साहेब."

मानेंनी आमचं पान माझ्याकडे परत सरकवलं.

"मोठ्या मॉडेलला दाराची सोय आहे," मी म्हटलं. "मग छोट्याला का नाही?"

"छोटं मॉडेल छोट्या कुटुंबासाठी आहे हो."

"छोट्या कुटुंबात हात छोटे असतात का?"

"विषयांतर होतंय," सर म्हणाले. "आपला विषय भाषा आहे."

"आमच्या घरी आई, बायको, वहिनी, सगळ्या वापरतात," माने समजावणीच्या सुरात म्हणाले. "आजवर कुणाला काही झालं नाही. बायकांना उपजत कळतं ते."

"माझ्या नवऱ्यानं घातला हात. इंजिनिअर आहे तो."

"पुरुषांचं सोडा हो!" माने म्हणाले, आणि सगळे खळखळून हसले. सर हसले, तेजस हसला, दीपालीसुद्धा ओठ दाबून हसली. इतकं छान हसले सगळे, की माझं म्हणणं त्या हसण्यातच विरून गेलं. कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

मग सरांनी पूर्ततेचा कागद काढला. त्यावर छापलेलं होतं: 'ही पुस्तिका आम्ही प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून तपासून घेतली असून ती सुरक्षित वापरासाठी योग्य आहे.' खाली आमच्या तिघांच्या सह्या व्हायच्या, मग मानेंची.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आम्ही तपासली. ती योग्य नाही."

तेजस मला केबिनबाहेर घेऊन आला. "ताई, प्लीज. तुझं ठीक आहे, घरी राकेशदादा कमावतात. मला हा कागद मिळाला नाही तर माझं वर्ष जातं."

"जे डोळ्यांना दिसतं ते लिहू, हे कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणालो. आणि हरलो. हरल्यावर घरी जातात ना माणसं?"

"तुझ्या आईला घेऊन देशील ही मशीन?"

तो शेडच्या पत्र्याकडे बघत राहिला. "माझी आई दळण गिरणीतून आणते," तो म्हणाला, आणि आत जाऊन सही केली.

दीपाली उठली. "मी सही करते, ताई. पण तुझ्याकडं बघत नाही." तिनं खरंच पाहिलं नाही. मला तिचा राग येईना. तिच्या वयाची असते तर मीही हेच केलं असतं, हे मला कळत होतं, आणि त्यानं राग कमी न होता नुसताच भरकटत होता.

"तिसरी सही नसली तर?" मानेंनी सरांना विचारलं.

"काही अडत नाही. दोन पुरतात. भाग्यश्रीताईंचं अपूर्ण राहील, एवढंच." मग माझ्याकडे वळून, "तत्त्व म्हणून ठीक आहे हो. पण तत्त्वाला सर्टिफिकेट नसतं."

तेवढ्यात एक बाई पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन केबिनच्या दारात आली. "साहेब, ह्या पन भरायच्या ना खोक्यात?"

कोरी करकरीत छपाई. मी वरची उचलून उघडली. विद्युतपुरवठा खंडित झाल्यास. यंत्र बंद असतानाच.

"हे छापून झालंय?"

"सरांनी पान पाठवलं तेव्हाच टाकली छापायला," माने सहज म्हणाले. "माल आज निघायचाय ना."

"मग आजची मीटिंग कशासाठी होती?"

माने जरा गोंधळले. त्यांनी सरांकडे पाहिलं.

"फोटोसाठी," सर म्हणाले. "कॉलेजच्या पानावर टाकायचाय. खऱ्या क्लायंटसोबत आमचे विद्यार्थी."

मी फोटोला उभी राहिले नाही. बाहेर आले. शेफाली खोक्याच्या घरात बसून बाहेर डोकावत होती. तिच्या मांडीवरून काळं स्केचपेन घेतलं आणि खोकी भरणाऱ्या बायकांच्या शेजारी फतकल मारून बसले. एक पुस्तिका ओढली, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी पिन काढा. दुसरी ओढली. शेजारच्या बाईनं पाहिलं. यमुनाबाई म्हणत होत्या सगळ्या तिला. तिनं काही विचारलं नाही, गठ्ठाच माझ्याकडे सरकवला.

"लिवा पटापट," ती म्हणाली. "टेम्पो भराया येळ हाय अजून."

मी लिहीत सुटले. अक्षर वेडंवाकडं, वेलांटी कुठं जाईल तिकडे. मी लिहायची, यमुनाबाई उचलून खोक्यात टाकायची, पुढची बाई चिकटपट्टी मारायची. शेफाली येऊन माझ्या पाठीला चिकटून उभी राहिली आणि मी नवी पुस्तिका ओढली की हळूच म्हणायची, "हे झालं. आता हे." आत फोटोसाठी कुणीतरी "चीज म्हणा" म्हणत होतं.

मग माने बाहेर आले. आवाज गोडच, पण आता जरा आखडलेला. "मॅडम, माल खराब करू नका. गिऱ्हाईक म्हणेल, कुणीतरी वापरलेलं पाठवलं."

त्यांनी वाकून माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला नीट टोपण लावलं आणि शेफालीला परत दिलं. बायकांचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले. उरलेला गठ्ठा जसा होता तसा खोक्यांत गेला. माणसं खोकी उचलून टेम्पोत रचायला लागली, लिहिलेली आणि न लिहिलेली, सगळी एकसारखी. बाहेरून काही कळत नव्हतं.

शेफालीला घेऊन मी फाटकापाशी उभी राहिले. डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं होतं, आणि तिला ते दिसू नये म्हणून मी तिचं डोकं खांद्यावर दाबून धरलं होतं. तिनं ते सोडवून घेतलं. टेम्पो फाटकातून बाहेर पडला, एनडीए रस्त्याला लागला, ती वळून वळून बघत राहिली.

"आई, त्या घरघंट्या कुठं चालल्या?"

"लोकांच्या घरी."

तिनं थोडा विचार केला. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"ज्याच्यावर तू लिहिलं नाहीस ना, त्या घरी पिन कोण काढणार?"